खुब्याचं कलम

चंपतराव बेलखोड्यांना प्रश्न फार पडत. प्रश्न सगळ्यांनाच पडतात, पण शहाणी माणसं ते गिळून टाकतात आणि आपल्या कामाला लागतात. चंपतरावांना ते कधी साधलं नाही. काटोलच्या एसटीत चढले की ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा धरायची आणि विचारायचं, "काहो, गाडी वळली का मागची चाकं पुढच्या चाकायच्या मागून काहून नाही जात?" लग्नात अंतरपाट खाली आला रे आला की भटजींना गाठायचं आणि हा कपडा नंतर कोणाच्या घरी जातो ते काढून घ्यायचं. रुखमाबाई, म्हणजे त्यांची बायको, अशा वेळी पदर तोंडाशी नेऊन दुसऱ्याच कोणाशी बोलायला लागत. नवरा व्यसनी नाही, भांडखोर नाही, हात सोन्याचा आहे, आणि तोंड बंद राहत नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

हात सोन्याचा होता हे मात्र अख्खा काटोल-नरखेड भाग सांगायचा. नागपूर संपून शेतं सुरू होतात तिथे, काटोल रोडवर, मनोहररावांची रोपवाटिका होती. चंपतराव तिथे संत्र्याची कलमं बांधत. ज्यांनी संत्रं फक्त सोलून खाल्लं आहे त्यांना हे ठाऊक नसतं की चांगलं संत्रं बी पेरून होत नाही. आधी जंबेरी नावाच्या आंबट लिंबाची रोपं वाढवतात. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याच्या सालीला चाकूने चीर द्यायची. नावाजलेल्या संत्र्याच्या काडीवरून एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट उचलायचा, चिरेत सरकवायचा आणि वरून पट्टीने बांधून टाकायचं. दोन्हींचा रस एक झाला की खाली जंबेरी, वर संत्रं आणि झाड एकच.

डोळा लागला की नाही हे ओळखायची रीतही मजेची आहे. डोळ्याखाली पानाचं नुसतं देठ ठेवलेलं असतं. वीसेक दिवसांनी त्याला बोट लावायचं. देठ टपकन गळालं तर डोळा जिवंत, आणि वाळून चिकटून बसलं असेल तर मेला. नवख्याला हे उलटं वाटतं. चंपतरावांनाही लहानपणी वाटलं होतं, आणि त्यांनी काहून, काहून करून बापाचं डोकं खाल्लं होतं.

पण या धंद्यात एक गोष्ट भारी कडक. कलम मेलं तर शेतकरी जमिनीला बोल लावत नाही, पाण्याला लावत नाही, रोपवाटिकेच्या मालकालाही लावत नाही. पहिला प्रश्न एकच, बांधलं कोणी होतं? मोहप्याच्या कवडूची एका हंगामातली निम्मी कलमं मेली. नाव असं गेलं की पुढच्या साली त्याला कोणी चाकू हातात धरू देईना. चांगला कारागीर होता बिचारा. शेवटी नागपूरच्या बाजारात फळांच्या पेट्या ठोकायच्या कामाला लागला. चंपतरावांना कवडूचं फार वाईट वाटायचं. मेलेलं कलम एकट्यात दाखवावं, चारचौघांत बांधणाऱ्याचं नाव घेऊ नये, असं ते म्हणत आणि तसं वागत.

१९७३ च्या हिवाळ्यात रोपांनी भरलेल्या बैलबंडीवरून ते पडले आणि डावा खुबा मोडला. आधी गावच्या हाडवैद्याने बांबूच्या खपच्या लावल्या, तेल चोळलं. हाड काही जुळलं नाही. पाय आखूड झाला, रात्र रात्र ठणका लागला, तेव्हा कोणीतरी नागपुरात धंतोलीतल्या विश्वनाथ डॉक्टरांचं नाव सांगितलं. हे डॉक्टर नुकतेच विलायतेहून शिकून आले होते. त्यांनी एक्स-रे काचेवर लावला आणि म्हणाले, "मांडीच्या हाडाचं वरचं डोकं मेलंय. मोडल्यावर त्याला रक्तच पोचलं नाही."

"म्हंजे शेंडा सुकला, खोड जितं हाये," चंपतराव म्हणाले.

डॉक्टरांनी तेव्हा पहिल्यांदा या माणसाकडे नीट पाहिलं.

मेलेलं डोकं काढून त्या जागी पोलादी गोळा बसवायचा, गोळ्याची दांडी हाडाच्या पोकळीत घालायची, आणि कमरेच्या हाडात प्लास्टिकची वाटी बसवायची, असं ते ऑपरेशन होतं. विलायतेत त्यांनी हातभार लावला होता, पण नागपुरात स्वतःच्या हाताने केलेलं हे पहिलंच असणार होतं. हे त्यांनी लपवलं नाही. चंपतरावांना त्याची भीती वाटली नाही, कारण भीती वाटायला सवड कुठे होती? आत ओल असते, पोलाद गंजत नाही का? वाटी कुठल्या प्लास्टिकची, कलमाला बांधतो त्या पट्टीचंच का? आणि हे सगळं चिकटवता कायनं? "सिमेंटनं," डॉक्टर म्हणाले, आणि हे घराचं सिमेंट नव्हे हे समजावण्यात त्यांची अर्धी दुपार गेली. नर्स कंटाळून निघून गेली. डॉक्टर मात्र कंटाळले नाहीत, उलट खुशीत आले. इतकं विचारणारा पेशंट त्यांना तिकडेही भेटला नव्हता.

ऑपरेशन झालं. महिन्या-दीड महिन्याने चंपतराव काठीशिवाय चालले. "पक्कं बसलंय," असं डॉक्टर म्हणाले, आणि चंपतरावांनी आपल्या मनाशी जे समजायचं ते समजून घेतलं. कलम लागलं. आता जसजशी वर्षं जातील तसतसं हाड आणि पोलाद एकजीव होत जाईल. जुन्या झाडावर डोळा कुठे बांधला होता हे नंतर शोधूनही सापडत नाही, तसंच हे. आयुष्यभर ज्याने हेच पाहिलं त्याला दुसरं काही सुचणार तरी कसं? एवढे प्रश्न विचारणाऱ्या माणसाने हा एक प्रश्न मात्र विचारला नाही, कारण उत्तर आपल्याला माहीत आहे अशी त्यांची खात्री होती.

अडचण एकच होती. डॉक्टरांनी उकिडवं बसायला आणि मांडी घालायला साफ मनाई केली होती, आणि कलम तर बांधायचं जमिनीपासून वीतभरावर. कलमं बांधणारा अख्खा दिवस उकिडवाच असतो. चंपतरावांनी चार दिवस विचार केला आणि मनोहररावांकडून रोपांच्या ओळींमध्ये कमरेएवढ्या खोल नाल्या खोदून घेतल्या. आता जमीनच वर आली. नालीत उभं राहायचं आणि हात पुढे केला की जंबेरीचं खोड समोर! मनोहरराव काठावर उभे राहून म्हणाले, "चंपतराव, कलमा बांधून राहिले का उमरेडच्या खदानीत कोयसा काढून राहिले?" गावोगावचे लोक नालीतला माणूस पाहायला येऊन जात. कलमं मात्र पूर्वीइतकीच लागत, तेव्हा मालकाने नाल्या राहू दिल्या.

दर वर्षी दिवाळी झाली की चंपतराव धंतोलीत दाखवायला जात. दवाखान्यात शिकाऊ डॉक्टरांचा घोळका असे. डॉक्टर त्यांच्यासमोर चंपतरावांना उभं करत. "हा माझा पहिला. बघा कसा चालतो. चंपतराव, चाला." चंपतराव या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ऐटीत चालत. "दुखतं का?" "नाही जी!" मग डॉक्टरांचा चेहरा असा फुलायचा की पाहणाऱ्याला बरं वाटावं. या पहिल्या खुब्याच्या जोरावर पुढे बैतूलचे, यवतमाळचे, पार छिंदवाड्याचे पेशंट त्यांच्याकडे यायला लागले होते. चंपतरावांना याचा अभिमान होता. जिथे जातील तिथे ते लोकांना सांगत, काय बांधलं हाये डॉक्टरनं!

सातव्या वर्षी, पावसाळ्यात, मांडीत दुखायला लागलं.

खुब्यात नाही, मांडीच्या मधोमध. म्हणून आधी त्यांना तो वात वाटला. पण स्वभाव कुठे जातो? त्यांनी दुखण्याचाच अभ्यास मांडला. बसलं की दुखत नाही. चालत राहिलं की दुखत नाही. बसून उठलं की पहिल्या पावलाला कळ येते, दुसऱ्या-तिसऱ्याला कमी होते, आणि अंगणाच्या टोकाला पोचेपर्यंत गायब! असं कसं? वाताचं दुखणं चालून वाढतं, हे चालून कमी होतं. त्यांनी ओळखीच्या सगळ्या गुडघेदुख्यांना आणि कंबरदुख्यांना गाठून विचारलं. तसं कोणाचंच नव्हतं. एक दिवस खाटेवर बसून त्यांनी पाय हळूच बाहेरच्या बाजूला वळवला, मग आत वळवला. मांडीच्या आत काहीतरी कणभर हललं. दुखलं नाही म्हणण्याइतकंच दुखलं. चंपतराव पाय तसाच धरून बराच वेळ बसून राहिले. बांधलेला डोळा बोटाखाली हलला म्हणजे तो धरलेला नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

आता कोणीही शहाणा माणूस दुसऱ्या दिवशी धंतोलीत गेला असता. चंपतराव गेले नाहीत, आणि का गेले नाहीत ते कलमं बांधणाऱ्यालाच कळेल. डॉक्टरांचं हे पहिलं कलम. त्याच्यावर त्यांचं नाव उभं राहिलेलं. ते मेलं असं आपण जाऊन सांगायचं, तेही शिकाऊ पोरांच्या घोळक्यात? मोहप्याचा कवडू त्यांच्या डोळ्यासमोर आला. नाही, त्यांच्याच्याने ते होईना.

त्या दिवाळीनंतर ते ठरल्याप्रमाणे दवाखान्यात गेले. खुर्चीतून उठले, चप्पल शोधतो आहे असं दाखवत क्षणभर थांबले, पहिली कळ गिळली आणि चालून दाखवलं.

"दुखतं का?"

"नाही जी."

डॉक्टर किंचित थांबले, मग म्हणाले, "छान." त्या वर्षी एक्स-रे काढलाच नाही. चंपतराव सुटल्यासारखे बाहेर आले, आणि जिना उतरताना कठडा घट्ट धरून उतरले.

पुढचं वर्षभर त्यांनी ही चोरी निभावली. घरात रुखमाबाई आधी उठायच्या, आता चंपतराव आधी उठू लागले. रुखमाबाईंना वाटलं, वयानं झोप कमी झाली असेल. मग एका पहाटे त्यांना जाग आली तर नवरा न्हाणीच्या भिंतीला दोन्ही हात टेकवून उभा. दात आवळलेले. एक पाऊल टाकलं आणि तोंड असं वाकडं झालं की रुखमाबाई उठून बसल्या. आणखी दोन-तीन पावलं लंगडत टाकली, आणि मग हा गृहस्थ काही झालंच नाही असा चालत जाऊन बंबात काड्या सारू लागला.

"काय चाललं हाये हे?" रुखमाबाईंनी विचारलं.

चंपतराव दचकले. पण वर्षभर कोणाला सांगायला न मिळालेला अभ्यास पोटात होता, तो आता बाहेर आला. पहिलं पाऊल, तिसरं पाऊल, पाय वळवला की काय होतं, थंडीत किती, उन्हाळ्यात किती, सगळं त्यांनी उत्साहाने सांगितलं. ऐकणाऱ्याला वाटावं, दुसऱ्याच्याच पायाची गोष्ट चालली आहे.

"आन डॉक्टरले काहून नाही सांगितलं?"

"अवं, त्यायचं पयलं कलम हावो मी."

रुखमाबाईंनी बंबातला जाळ मागे ओढला. "घाला सदरा," त्या म्हणाल्या. "मी येतो संगं." इतक्या वर्षांत त्या दवाखान्याच्या बाहेरच्या बाकापुढे कधी गेल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या नवऱ्याच्या पुढे आत शिरल्या आणि डॉक्टर काही विचारायच्या आत म्हणाल्या, "दुखते त्यायले. दीड वर्ष झालं. खोटं बोलून राहिले तुमच्यापाशी."

डॉक्टरांनी घोळक्याला बाहेर जायला सांगितलं आणि फोटो काढायला लावला.

ओला एक्स-रे काचेवर चढला तेव्हा चंपतराव सगळ्यांच्या आधी पुढे झाले. दांडी पांढरी, तिच्याभोवती सिमेंट पांढरं, आणि सिमेंट आणि हाड यांच्या मध्ये, वरून खालपर्यंत, एक काळी रेघ.

"ही दिसते?" डॉक्टर म्हणाले. "ही नको होती. सांधा सुटतोय. दांडी आत हलते. उठून पहिलं पाऊल टाकता तेव्हा ती जराशी खाली बसते, ती तुमची कळ. बसली की मग तुम्ही चालू शकता."

"आस्सं!" चंपतराव म्हणाले. इतके दिवस छळणारं कोडं सुटलं म्हणून त्यांना आनंदच झाला, आणि तो लपवायचंही त्यांना सुचलं नाही. मग चेहरा उतरला. "पण जी, लागलं होतं ना? सात वर्ष लागलेलं कलम सुटत नाही. पयल्या महिन्यात सुटते, नाहीतर सुटतच नाही."

"ते लागत नसतं, चंपतराव."

"म्हंजे?"

"पोलाद मेलेलं, सिमेंट मेलेलं. जिवंत आहे ते तुमचं हाड, आणि ते त्या दोघांशी कधीच एक होत नाही. नुसतं गच्च धरून ठेवलेलं असतं, बस."

इतकी वर्षं चंपतराव ज्याच्यावर उभे होते ते त्यांच्या डोक्यातलं झाड होतं, आणि ते कोणीतरी मुळापासून उपटून समोर ठेवलं होतं. त्यांना वाईट वाटलं, फसल्यासारखंही वाटलं. आणि त्याच्या मागून, अगदी सवयीने, प्रश्न आला.

"मंग सुटते काहून? नालीत उतरलो म्हणून? साळ्याच्या लग्नात पंगतीले मांडी घालून बसलो होतो एकडाव, त्यानं?"

"त्यानं नाही." डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि बसले. "खरं सांगू? पुरतं कोणालाच माहीत नाही. कोणी म्हणतं सिमेंटला तडे जातात. कोणी म्हणतं वाटी घासून घासून तिची बारीक भुकटी पडते, आणि त्या भुकटीला हाड सोसत नाही, ते मागे सरतं. तिकडे विलायतेत अजून भांडतायत यावर." मग ते थांबले आणि आवाज बदलला. "पण दांडी हलत राहिली की हाड आतून झिजत जातं, एवढं नक्की. दीड वर्षात तुमचं हाड फार पातळ झालंय. दुसरं ऑपरेशन करावं लागेल, आणि ते पहिल्यासारखं नाही. हाडानं धरलं नाही तर सगळं काढून टाकावं लागेल. मग त्या जागी सांधाच नाही. पाय आखूड, आणि जन्मभर कुबड्या. तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

चंपतरावांनी सांगितलं. कलमांचं सांगितलं, नावाचं सांगितलं, कवडूचंही सांगितलं. सांगताना ते जमिनीकडे पाहत होते.

डॉक्टर म्हणाले, "मागच्या वर्षी तुम्ही खुर्चीतून उठलात आणि थांबलात. चप्पल पायातच होती तुमच्या. माझ्या लक्षात आलं होतं." त्यांनी दाराबाहेरच्या घोळक्याकडे बोट दाखवलं. "तसं थांबणं म्हणजे काय ते मी या पोरांना शिकवतो. पण तुम्ही 'नाही जी' म्हणालात, आणि मला तेच ऐकायचं होतं. तेव्हाच फोटो काढायला हवा होता. मी नाही काढला."

राग यावा अशी गोष्ट होती, पण समोरच्या माणसाची चंपतरावांना इतकी कीव आली की राग तोंडापर्यंत पोचलाच नाही. "जाऊ द्या जी," ते म्हणाले.

"काहून जाऊ द्या?" रुखमाबाई कडाडल्या. त्या उठून दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या होत्या. "मोठे समजदार तुम्ही दोघं! हे तुमचं मन सांभाळून राहिले, तुम्ही ह्यायचं मन सांभाळून राहिले, आन हाड झिजून राहिलं ते माह्या नवऱ्याचं! पहाटं भितीले धरून दात खात उभा राह्यते हा मानूस. ते कोण सांभाळन?"

डॉक्टर उभे राहिले. मानाने मोठा माणूस, पण शाळेत छडी खायला उभं राहावं तसे उभे राहिले. "बाई, तुमचं खरं आहे," ते म्हणाले. "यांना मुंबईला पाठवतो. तिथे माझ्यापेक्षा जास्त हात बसलेले लोक आहेत. मी चिठ्ठी देतो."

रुखमाबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "हे दुसऱ्यांदाचं तुम्ही कधी केलं हाये?"

"दोनदा."

"ते चालतेत का?"

"एक चालतो. एक नाही चालत."

"कुबड्या?"

"हो."

चंपतराव काहीतरी म्हणणार होते. रुखमाबाईंनी हातानेच त्यांना थांबवलं. "मंग इथंच करा," त्या म्हणाल्या. "मुंबईचा डॉक्टर मले असं सांगन का नाही, काय ठाऊक. पण एक आयका. आतापासून दुखते का म्हणून ह्यायले विचारायचं नाही. मले विचारायचं."

ऑपरेशन होळीच्या आधी झालं, पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ चाललं. रुखमाबाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. हाडाने धरलं नाही तर काय, याचा विचार करायचा नाही असं ठरवून त्यांनी तेवढाच विचार केला. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. "धरलंय," ते म्हणाले, आणि लगेच पुढे म्हणाले, "सध्या तरी."

शुद्धीवर आल्यावर चंपतरावांची पहिली मागणी जुना सांधा पाहायची. एका थाळीत तो त्यांच्यापुढे आला. त्यांनी गोळा उचलून उजेडाकडे धरला. चकचकीत, कालच घेतल्यासारखा. "हे तं कोरं हाये जी!" मग वाटीत अंगठा फिरवला. एका अंगाला ती खोल गेली होती, वापरून वापरून पाटा जातो तशी. अंगठा परत परत तिथे जात राहिला. भुकटी कुठे गेली असेल याचा ते विचार करत होते, आणि ती आपल्याच आत आहे हे ध्यानात आल्यावर त्यांनी हळूच वाटी थाळीत ठेवली.

पाय दोन बोटं आखूड झाला. मोच्याकडून डाव्या पायाच्या चपलेला जाड तळ लावून घेतला, काठी कायमची आली, आणि नालीत उतरणं बंद झालं. मनोहररावांनी नाल्या बुजवल्या. चंपतराव आता आंब्याखाली खुर्चीवर बसून काडीवरचे डोळे कापून देत, बांधत दुसरे. बांधणं त्यांच्या हातचं गेलं याचं त्यांना फार दुःख होतं, आणि ते तसं बोलूनही दाखवत. दुसऱ्यांनी बांधलेल्या पट्ट्यांवरून त्यांची नजर फिरली की बांधणारे कानकोंडे होत.

दिवाळी झाली. दवाखान्यात पुन्हा घोळका जमला. नवीन पोरं होती, पण डॉक्टरांनी "हा माझा पहिला" असं काही म्हटलं नाही. म्हणाले, "यांचा पहिला सांधा सुटला. मला वेळेवर कळला नाही. कसा कळायला हवा होता, ते आज सांगतो." चंपतरावांचे कान गरम झाले. चारचौघांत, आपल्याच तोंडाने! ते चालून आले, खुर्चीत बसले, उठले. मग डॉक्टर रुखमाबाईंकडे वळले.

"बाई, दुखतं का?"

"दुखते," रुखमाबाई म्हणाल्या. "पंधरा दिवसापासून."

डॉक्टरांनी चंपतरावांकडे पाहिलं.

"मीच सांगितलं तिले," चंपतराव म्हणाले. "पयल्या दिवशीच."

फोटो काढला. तो काचेवर चढला. मग डॉक्टर, रुखमाबाई आणि चंपतराव तिघं काचेपुढे वाकले, आणि मागून पोरं माना लांब करून पाहू लागली. डॉक्टरांनी दांडीच्या कडेने बोट वरून खाली नेलं, मग खालून वर. रेघ नव्हती. त्यांनी पाय मोजला, चप्पल उचलून पाहिली. मोच्याने नवा तळ जास्तच जाड लावला होता आणि कंबर वाकडी पडत होती, एवढंच निघालं. डॉक्टर चप्पल चंपतरावांच्या पायाशी ठेवून खुर्चीत बसले.

"मंग हा किती वर्ष टिकन जी?" चंपतरावांनी विचारलं.

"मला माहीत नाही, चंपतराव."

"कोनालेच नाही?"

"कोणालाच नाही."

चंपतरावांनी काचेवरच्या फोटोकडे पुन्हा पाहिलं. पांढऱ्याला लागून पांढरं, मध्ये काही नाही. हे पुढच्या साली कसं दिसेल, हे पाहायची त्यांना आताच घाई झाली होती.

"पाहू मंग पुढल्या दिवाळीले," रुखमाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी नवऱ्याच्या हातात काठी दिली.